वास येतो का?

पूर्वी परब नावाची मुलगी डोळे तपासायची. दादरला रानडे रोडच्या मागच्या गल्लीत मनमोहन कोठारे यांचं जुनं चष्म्यांचं दुकान आहे. त्याच्या आतल्या अंगाला एक काळोखी खोली, तिथे ती बसायची. समोरच्याने यंत्रावर हनुवटी टेकवायची, पलीकडून तिने डोळा लावायचा. दोन चेहऱ्यांत वीतभर अंतर. मग तपासणीची जड फ्रेम त्याच्या नाकावर चढवायची आणि एकेक काच बदलत विचारायचं, "आता स्पष्ट दिसतंय, की मघाशी दिसत होतं?" हे काम तिला मनापासून आवडायचं. धूसर अक्षरं एकदम लख्ख झाली की माणसाचा चेहरा बदलतो, तो बदल सगळ्यात आधी तिला दिसायचा.

करोनानंतर दुकान उघडलं तेव्हा सगळ्यांच्या तोंडाला मास्क होते. ते दिवस बरे गेले. लोक तिचं नाव घेऊन यायचे, कोठारे सरही खूश होते. मग हळूहळू मास्क गेले आणि काहीतरी बिघडलं. काय बिघडलं ते मात्र तिला कळेना.

लोक हनुवटी टेकवायचे आणि श्वास धरून बसायचे. काही जण मान मागे घ्यायचे. "पुढे या, अजून थोडं पुढे," ती म्हणायची. एक बाई "एक मिनिट हं" म्हणून बाहेर गेल्या आणि परत आल्या त्या नाकाला रुमाल लावून. "मला परफ्यूमचा त्रास होतो," त्या म्हणाल्या. पूर्वीने तर कधी परफ्यूम लावलाच नव्हता.

एके दिवशी तिच्या टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्यांची बरणी आली. कोठारे सरांनी ठेवली होती. गिऱ्हाइकांसाठी असेल असं समजून ती येईल त्याला हसून गोळी द्यायची. बरणी रिकामी झाली की सर मुकाट्याने पुन्हा भरायचे.

शेवटी पावसाळ्यानंतरच्या एका दुपारी सरांनी तिला काउंटरपाशी बोलावलं. साठी उलटलेले, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. दुकानात त्यांनी कधी कुणावर आवाज चढवला नव्हता. चष्मा काढून ते बराच वेळ तो पुसत राहिले.

"पूर्वी, तू मास्क लावत जा."

"आता कोण लावतं सर? लोकांना वाटेल मलाच काहीतरी झालंय."

"तरी लाव."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मग तिच्या डोक्यात बरणी आली, त्या बाई आल्या, मान मागे घेणारी माणसं एकामागून एक आली. "बरं सर," एवढंच म्हणून ती आतल्या खोलीत गेली आणि दिवा न लावता बसून राहिली.

लालबागच्या चाळीत परबांची एक खोली. आई मीराबाई, धाकटा भाऊ दीपक, त्याची बायको मनवा आणि पूर्वी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी आल्याआल्या पूर्वी मोरीपाशी आईला गाठून हळूच म्हणाली, "आई, माझ्या तोंडाला वास येतो का?"

मीराबाई भांडी घासत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. "कोण म्हणता? काय वास नाय नि काय नाय. माका तर काय येणा नाय."

"बघ ना जवळ येऊन."

मीराबाईंनी तोंड जवळ आणलं, क्षणभर थांबल्या. "नाय गो," म्हणाल्या आणि पुन्हा भांड्यांकडे वळल्या.

तरी दुसऱ्या दिवशी पूर्वी नाक्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी नीट तपासलं. एक दाढ किडली होती, हिरड्यांत मळ होता. दाढ भरली, दात साफ केले, जीभ घासायची शिकवली. म्हणाले, "तोंडाला वास येतो तो बहुतेक वेळा इथूनच. जिभेवरचा थर आणि हिरड्या. महिनाभरात फरक पडेल."

महिनाभर पूर्वीने दात इतके घासले की हिरड्यांतून रक्त आलं. खिशात लवंग, पर्समध्ये वेलची. मीराबाई तुरटीच्या पाण्याने गुळण्या करायला लावायच्या. कुणीतरी मासे बंद करायला सांगितलं, तर त्यांनी अख्ख्या घराचे मासे बंद केले. बोंबील आणि सुंगटांवर वाढलेलं ते घर रोज दुधी नि मुगाची डाळ जेवायला लागलं. दीपक एकदा ताटाकडे बघून "आज पण?" म्हणाला, तशी मीराबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाली मान घालून जेवला.

तिने मास्क लावला तरी लोक मान मागे घेत होते.

दातांचे डॉक्टर म्हणाले, "तोंडात आता काही नाही. पोटाचं बघून घ्या." पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली, थोडं पित्त आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. त्या संपल्या. कुठूनतरी आलेलं एक स्थळ याच सुमाराला मोडलं. मुलगा तिला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटला, बोलता बोलता थोडा थोडा सरकत गेला, आणि घरी गेल्यावर "मुलगी छान आहे, पण योग दिसत नाही" असा निरोप आला. पूर्वीला वाईट त्याचं वाटलं नाही. निरोप वाचताना दीपकला जराही आश्चर्य वाटलं नव्हतं, ते तिला खुपलं.

आता ती कुणाशी बोलताना तोंडावर हात धरायची. दुकानात काचा बदलताना विचारायचे शब्द कमी केले. "ही? की ही?" एवढंच. गॅलरीतून जाताना शेजारणींनी हाक मारली तर लांबूनच हात करायची. चाळीत म्हणायला लागले, परबांची पूर्वी शिष्ट झाली.

मनवाला तेव्हा पाचवा महिना होता. ती भांडुपची, बोलायला सडेतोड, पण या घरात आल्यापासून सासूच्या धाकात असायची. दिवस गेल्यापासून ती घरात कमी आणि गॅलरीत खुर्ची टाकून जास्त बसायची. आत उकडतं म्हणायची. त्या रविवारी दुपारी पूर्वी म्हणाली, "ये, तुझ्या केसांना तेल लावते." मनवाने एकदा सासूकडे पाहिलं, मग खाली बसली. पूर्वी मागे पाटावर. ओठ घट्ट मिटलेले, तशी आता सवयच झाली होती. वाटीतलं तेल ती हलक्या हाताने मुरवत होती.

मनवा मध्येच ताडकन उठली, मोरीकडे धावली आणि ओकली.

पूर्वी पाण्याचा तांब्या घेऊन गेली तर मनवाने हातानेच तिला लांब राहायची खूण केली. चूळ भरली, भिंतीला टेकली. डोळ्यांत पाणी होतं.

"ताई, तुम्ही आता तोंड मिटून होतात ना?"

"हो."

"तरी येतो. तोंडातून येतच नाही तो. नाकातून येतो."

"गप रव!" मीराबाई एवढ्या जोरात ओरडल्या की पलीकडच्या खोलीतला टीव्ही बारीक झाला. "काय पण बोलता! पोटुशी बाईक सगळ्याचोच वास येता."

पूर्वी आईकडे बघत राहिली. मग दीपककडे. तो खाटेवर बसून मोबाइल बघत होता, बोट मात्र हलत नव्हतं.

"दीपक, तुला येतो?"

त्याने मोबाइल उलटा ठेवला.

"दीपक, मी तुला विचारतेय."

"येतो," तो म्हणाला. "आधी कधीतरी यायचा. आता रोज."

"आधी म्हणजे कधी?"

"तू कॉलेजात होतीस तेव्हापासून."

पूर्वी पाटावर बसली. कॉलेजात असताना आईने तिचं अंथरूण पोटमाळ्यावर हलवलं होतं. तुला अभ्यासाला बरं, म्हणाली होती. तिला तेव्हा किती आनंद झाला होता. लालबागच्या चाळीत मुलीला स्वतःची जागा!

"आणि मला कुणीच नाही सांगितलं?"

मीराबाईंनी पदर तोंडाला लावला. "सांगान काय केला असतंस, बाय? मी तुका डॉक्टरकडे नेलंय नाय? सर्दी म्हणान औषध दिल्यान, तेवढ्यापुरता कमी झाला, परत सुरू. मग तुका सांगूक माझी जीभच उचलणा नाय. वयात इलेली पोर. जेवली असतीस तू? कॉलेजात गेली असतीस?"

पूर्वीला आठवत होतं ते दुसरंच. आठवड्यापूर्वी डाळ करपून पातेलं काळं झालं होतं, शेजारच्या कालिंदीमावशी धावत आल्या होत्या, आणि ती गॅसपासून हातभर अंतरावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मिरची गल्लीतून जाताना मसाल्याच्या भाजणीचा वास तिला कित्येक वर्षांत आला नव्हता. करोनात सगळ्यांचेच वास गेले, तसा आपलाही गेला, येईल परत, असं तिने धरून ठेवलं होतं. त्याच्याही आधीचं काही आठवून बघायचा तिने प्रयत्न केला. शेवटचा कुठला वास आपल्याला आला होता? आठवेना.

परळच्या हॉस्पिटलात नाक-कान-घशाच्या ओपीडीत डॉ. क्षितिजा म्हणून एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी नाकात बारीक दुर्बीण घातली आणि समोरच्या पडद्यावर पूर्वीला तिचं नाक आतून दाखवलं. एखाद्या रिकाम्या घरासारखं ते रुंद होतं, आणि भिंतींना हिरवट काळ्या खपल्या धरलेल्या.

"नाकाच्या आत ओलं अस्तर असतं," डॉक्टर म्हणाल्या. "आपण घेतो ती हवा ते भिजवतं. तुमचं ते वाळून पातळ झालंय. मग खपल्या धरतात, खपल्यांत जंतू राहतात. वास त्यांचा आहे. तोंडाचा नाही, पोटाचा नाही."

"मग सगळ्यांना येतो आणि मला येत नाही, असं कसं?"

"वास कळायच्या नसा त्याच अस्तरात असतात. त्याही वाळल्या. या आजारात पेशंटला सगळ्यात शेवटी कळतं. बहुतेकांना दुसऱ्याने सांगावं लागतं."

"कशामुळे झालं?"

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "कधी जंतूंमुळे होतं. कधी रक्तात लोह कमी असतं, कधी घराण्यात असतं. मुलींना वयात येताना सुरू होतं बऱ्याचदा. तुमचं नक्की कशामुळे ते मी नाही सांगू शकत. उगाच काहीतरी सांगण्यात अर्थ नाही."

पूर्वीला वाटत होतं, कारण कळलं की सुटका होईल. दात नाही, पोट नाही, मासे नाहीत, आपला आळस नाही, हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. पण निदान दाताला दोष देऊन तो घासता तरी येत होता.

"बरं होतं हे?"

"ताब्यात राहतं. मीठ, सोडा नि ही पावडर कोमट पाण्यात घालून दोन वेळा नाक धुवायचं, मग हे थेंब. कायम. चुकवलं की खपल्या परत धरणार. अगदीच नाही जमलं तर ऑपरेशनचा विचार करू, पण त्याचीही खात्री नाही."

"आणि वास? मला यायला लागेल?"

"बहुतेक नाही."

पूर्वी उठली आणि पुन्हा बसली. "डॉक्टर, मग आज वास येतोय की नाही, हे मला कळणार कसं?"

"घरात कुणाला तरी विचारत जा," त्या म्हणाल्या. "खरं सांगेल अशा माणसाला."

नळाला पाणी यायच्या आधी उठून पूर्वी मोरीत वाकायची. मोठ्या पिचकारीने एका नाकपुडीत पाणी सोडायचं, दुसरीतून बाहेर. सुरुवातीला खपल्या बाहेर पडायच्या त्या बघून तिला शिसारी यायची. हे आपल्या आत होतं, आणि हे घेऊन आपण माणसांच्या तोंडाशी तोंड नेत होतो. धुऊन झालं की ती आईसमोर उभी राहायची.

"येतो का?"

"नाय गो."

रोज तेच उत्तर. पहिल्या पंधरवड्यात तिला ते खरं वाटलं. मग एकदा ताप आला आणि दोन दिवस नाक धुता आलं नाही, तेव्हाही विचारलं. तेव्हाही मीराबाई म्हणाल्या, "नाय गो." त्या दिवसापासून तिने आईला विचारायचं सोडलं. दीपकला विचारलं तर तो म्हणायचा, "ठीक आहे ना, कशाला डोकं लावतेस." मनवा बाळंतपणासाठी आधीच माहेरी गेली होती.

दुकानात कादंबरी नावाची नवी मुलगी आली होती, नुकताच कोर्स केलेली. गिऱ्हाइकं तिच्याकडे जायची. पूर्वीने एकदा धीर केला. दुपारी दुकान रिकामं असताना काउंटरपाशी जाऊन तिने कोठारे सरांना सगळं सांगितलं. अस्तर, खपल्या, धुणं. मग म्हणाली, "सर, आता बरेच दिवस नीट असतं. पण कुठला दिवस नीट आणि कुठला नाही, हे मला कळत नाही. तुम्ही रोज सकाळी मला सांगाल? वास नसेल तेव्हा मी आत बसते. असेल तेव्हा नाही बसणार. फक्त हो की नाही."

सर ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच दुःख होतं. "पूर्वी, माझ्या मुलीसारखी तू," ते म्हणाले आणि थांबले. पुन्हा चष्मा काढला. "मला नाही गं जमायचं. रोज सकाळी तुझ्या तोंडावर... नाही. माझ्याच्याने नाही होणार."

"मग मी काय करू, सर?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिला मागच्या कारखान्यात बसवलं. पगार तोच ठेवला. तिथे काचा फ्रेमच्या मापाने घासायच्या, बसवायच्या. सोबतीला गुणाजी नावाचे म्हातारे कारागीर, मशीनचा आवाज आणि पाण्याची धार. काम काही वाईट नव्हतं. पण समोर चेहरा नव्हता. आतल्या खोलीतून कादंबरीचा आवाज यायचा, "आता स्पष्ट दिसतंय, की मघाशी?" आणि पूर्वी हातातली काच उजेडात धरून तिची कड तपासत राहायची. तिने दुसरीकडे दोन ठिकाणी विचारूनही पाहिलं. मुलाखतीला जाताना नाक दोनदा धुतलं, तरी समोरचा माणूस खुर्चीत मागे रेलला की तिचं बोलणं अडकायचं. तो आरामात बसायला रेलला असेल किंवा वासाने. विचारणार कसं? दोन्हीकडून बोलावणं आलं नाही, आणि तेही कशामुळे हे तिला कधी कळलं नाही.

पाऊस सुरू झाल्यावर मनवा बाळाला घेऊन परत आली. मुलगी झाली होती. चाळीतल्या बायका जमल्या, मीराबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, कालिंदीमावशींनी आंघोळीचं पाणी कुठल्या लाकडावर तापवायचं यावर भाषण दिलं. पूर्वी मास्क लावून गॅलरीच्या टोकाला उभी होती. गर्दी पांगल्यावर मनवाने तिला आत बोलावलं.

"घ्या ना, ताई."

"नको. लहान आहे ती."

"मास्क काढा आधी."

पूर्वीने मास्क काढला नाही. मनवाने बाळ सासूच्या हातात दिलं, जवळ आली आणि स्वतःच तिचा मास्क खाली ओढला. सरळ तिच्या चेहऱ्यापाशी नाक नेलं. एखादी बाई पातेल्यातली आमटी आंबलीय का बघते, तसं. मीराबाई काहीतरी बोलणार होत्या, पण बोलल्या नाहीत.

"आहे," मनवा म्हणाली. "तेव्हासारखा नाही. पण आहे."

नाक धुवायला लागल्यापासून कुणी दिलेलं ते पहिलं सरळ उत्तर होतं. पूर्वीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सकाळी नाक धुतलं होतं. थेंब घातले होते. एकही वेळ चुकवली नव्हती. आणि तरीही होता.

"धुऊन येते," ती म्हणाली.

मोरीत वाकून तिने सगळं पुन्हा केलं. परत आली तेव्हा मनवाने पुन्हा हुंगलं, "आता कमी झालाय," म्हणाली आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. गरम, मऊ गाठोडं. पूर्वीने तोंड एका बाजूला वळवून धरलं होतं.

"टाळूचो वास घी," मीराबाई सवयीने बोलून गेल्या. "नव्या पोराच्या टाळूक काय वास येता..." आणि त्यांच्या लक्षात आलं.

पूर्वीने वाकून टाळूला नाक लावलं. जावळ गालाला लागलं, इवलीशी टाळू नाडीबरोबर खालीवर होताना जाणवली. बाकी काही नाही.

"कसा असतो गं, आई?"

मीराबाईंनी सांगायचा प्रयत्न केला. "म्हणजे... दुधासारखो. नाय, दुधासारखो नाय. उन्हात सुकलेल्या लुगड्यासारखो..." त्या अडखळल्या. वास सांगायला त्यांच्याकडे दुसरे वासच होते, आणि त्यातला एकही पूर्वीकडे नव्हता. मनवा म्हणाली, "थोडा तेलासारखा पण येतो."

बाळाने जांभई दिली. पूर्वीने मास्क वर ओढला आणि तिला थोपटत बसली.